ही बेटं धनको आहेत

५ ऑक्टोबर २०१६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारत एक खटला जिंकला. समोर होता मार्शल बेटं नावाचा देश. पॅसिफिक महासागराच्या जवळपास वीस लाख चौरस किलोमीटर टापूत तो विखुरलेला आहे. पण सगळी बेटं शेजारी शेजारी मांडली तर जमीन भरते अवघी १८१ चौरस किलोमीटर, बृहन्मुंबईच्या एक तृतीयांशाहूनही कमी. अण्वस्त्रं बाळगणाऱ्या राष्ट्रांवर निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी मनापासून करण्याचं बंधन आहे आणि ते कोणीच पाळत नाही, असं त्या देशाचं म्हणणं होतं. दावा नऊही अण्वस्त्रधारी देशांवर होता. पण न्यायालयाचा अधिकार आधीच मान्य केलेले तीनच निघाले: भारत, पाकिस्तान आणि ब्रिटन. उरलेले सहा न्यायालयात आलेच नाहीत. निकाल लागला तो तांत्रिक मुद्द्यावर. दावा दाखल झाला तेव्हा दोन देशांत 'वाद' म्हणावा असं काही अस्तित्वातच नव्हतं, सबब न्यायालय यात पडू शकत नाही. भारताच्या खटल्यात हे मत नऊ विरुद्ध सात असं पडलं. ब्रिटनच्या खटल्यात आठ-आठ अशी बरोबरी झाली आणि अध्यक्षांचं जादा मत निर्णायक ठरलं.

कायद्याच्या दृष्टीनं आपली बाजू पक्की होती हे मानायला माझी हरकत नाही. माझं मन अडतं ते दुसरीकडे. त्या दिवशी आपण ज्यांना हरवलं ते कोण होते, आणि बासष्ट वर्षांपूर्वी त्यांच्याच दुःखावर आपण भर लोकसभेत काय बोललो होतो, याची आठवण आपल्याकडे कोणी काढली नाही.

पॅसिफिकच्या बेटांविषयी हल्ली आपल्याकडे बरंच छापून येतं. बहुतेक लेखांत बेटं म्हणजे पट असतो आणि खेळणारे असतात अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया, फार तर फ्रान्स. कोणी किती कोटी दिले, कोणाला बंदर मिळालं, कोणाचा दूतावास उघडला, याची मोजदाद होते. ही वही चुकीच्या बाजूनं लिहिली जाते आहे असं माझं ठाम मत आहे. या बेटांना मदत हवी, असं सगळे म्हणतात. मी म्हणतो, त्यांचं येणं आहे. सावकारीच्या भाषेत बोलायचं तर ही बेटं धनको आहेत आणि ज्यांना आपण महासत्ता म्हणतो ते ऋणको. थकलेली बाकी दान म्हणून वाटली जाते, तेव्हा घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याला अटी घालता येतात. पॅसिफिकमधलं आजचं सगळं राजकारण या एका फिरवाफिरवीवर उभं आहे.

मार्शल हे नावही त्या लोकांचं नाही. १७८८ मध्ये तिथून गेलेल्या जॉन मार्शल या इंग्रज कप्तानाचं ते नाव. तिथली माणसं आपल्या दोन समांतर बेटमाळांना राटाक आणि रालिक म्हणतात, म्हणजे उगवतीची आणि मावळतीची. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला ही भूमी परकी वाटणार नाही. माड, केवड्याच्या जातीची झाडं आणि नीरफणस यांवर तिथला संसार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आपण ज्याची कापं तळतो तो नीरफणस पॅसिफिकमधूनच जगभर गेला. आपल्याला केवड्याचा वास ठाऊक. तिथे त्या जातीचं फळ खातात आणि पानांच्या चटया विणतात.

आणि समुद्र ओळखण्यासाठी हे लोक माडाच्या हिरांचे नकाशे बांधत. हीर वाकवून, एकमेकांना बांधून लाटांची वळणं दाखवायची आणि जिथे बेट तिथे शिंपला अडकवायचा. बेटाला थटून लाट कशी वळते, दोन बाजूंनी आलेल्या लाटा कुठे भेटतात, हे सगळं त्या काड्यांच्या चौकटीत असे. नकाशा होडीत न्यायचा नसे. किनाऱ्यावर बसून तो पाठ करायचा आणि भर समुद्रात होडीच्या तळाला लागणाऱ्या हेलकाव्यावरून बेट कुठे आहे ते सांगायचं. ज्यांनी पाण्याचा स्पर्श वाचायची विद्या उभी केली, त्यांना पुढे 'तुमच्या भल्याचं तुम्हाला कळत नाही' असं ऐकवणारे राज्यकर्ते एकामागून एक भेटत गेले. आधी जर्मनी, १९१४ पासून जपान, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिका. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ही बेटं अमेरिकेच्या हवाली केली, ती 'विश्वस्त प्रदेश' म्हणून.

त्याच्या एक वर्ष आधीच त्यांतलं बिकिनी हे बेट रिकामं झालं होतं. १९४६ च्या फेब्रुवारीत एका रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपल्यावर, अमेरिकी नौदलाचे कमोडोर बेन वायट यांनी बिकिनीच्या लोकांना विचारलं: मानवजातीच्या कल्याणासाठी आणि सगळी महायुद्धं संपवण्यासाठी तुम्ही काही काळ हे बेट सोडाल का? त्यांचे प्रमुख जुदा म्हणाले, सगळं देवाच्या हाती आहे. नंतर हाच प्रसंग कॅमेऱ्यासमोर पुन्हा पुन्हा वठवून घेण्यात आला. मार्चमध्ये १६७ माणसं बोटीत बसली. आधी त्यांना राँगेरिकवर ठेवलं. तिथे पुरेसं अन्न नव्हतं, लोक उपासमारीला लागले. १९४८ मध्ये किली नावाच्या बेटावर नेलं. बिकिनी हे कंकणद्वीप. मधोमध शांत पाण्याचं विस्तीर्ण खाजण, त्यात मासेमारी करायची, होड्या हाकायच्या. किलीला खाजणच नाही. चहूबाजूंनी उघडा समुद्र फुटतो. होडी हाकणाऱ्या माणसाला अशा बेटावर ठेवणं म्हणजे शेतकऱ्याला कातळावर वसवणं.

आपल्या भाषेत अशा माणसांसाठी एक शब्द आहे: प्रकल्पग्रस्त. धरणासाठी गाव सोडलेल्या घरांतून वाढलेल्या कोणालाही 'काही काळ' या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

१ जुलै १९४६ ला बिकिनीवर पहिला स्फोट झाला. चारच दिवसांनी पॅरिसमध्ये पोहण्याच्या एका नव्या पोशाखाला त्या बेटाचं नाव देण्यात आलं, आणि आज जगभर तो शब्द उच्चारणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते एका गावाचं नाव आहे हेही माहीत नसतं. १९४६ ते १९५८ या काळात बिकिनी आणि एनेवेटाक इथे मिळून ६७ स्फोट झाले. सगळ्यांची ताकद एकत्र केली तर बारा वर्षं रोज दीड हिरोशिमा.

१९६८ मध्ये अमेरिकेनं जाहीर केलं की बिकिनी आता सुरक्षित आहे. काही कुटुंबं परतली, घरं बांधली, नव्यानं लावलेल्या माडांची शहाळी पिऊ लागली. प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम कमी असतं. झाडाला ते हवं असतं, आणि स्फोटांतून मातीत उतरलेलं किरणोत्सारी सीझियम रसायनाच्या नात्यानं पोटॅशियमचं भावंड. मूळ दोहोंत फरक करत नाही. ते सीझियम शोषतं, ते झावळीत जातं, शहाळ्याच्या पाण्यात जातं, आणि पाणी पिणाऱ्याच्या अंगात. झाड हिरवंगार, शहाळं गोड, डोळ्याला काही दिसत नाही. १९७८ मध्ये लोकांना पुन्हा हलवण्यात आलं. बिकिनीवर आजही कायमची वस्ती नाही. त्यांच्या ध्वजावर तीन काळे तारे आहेत. ते त्या तीन बेटांचे जी १ मार्च १९५४ रोजी एका क्षणात नाहीशी झाली. खाली जुदा यांचे शब्द आहेत: सगळं देवाच्या हाती आहे.

१ मार्च १९५४ चा तो स्फोट म्हणजे 'ब्राव्हो'. पंधरा मेगाटन, हिरोशिमाच्या सुमारे हजारपट. सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या राँगेलाप बेटावर दुपारी पांढरी भुकटी पडू लागली. बर्फ कधी न पाहिलेली पोरं त्यात खेळली. संध्याकाळपर्यंत उलट्या, मग कातडी जळणं, केस गळणं. त्यांना हलवायला दोन दिवस लागले. १९५७ मध्ये त्यांना परत त्याच बेटावर नेऊन सोडलं, आणि दरवर्षी डॉक्टर येऊन तपासून जाऊ लागले. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगातले मेरिल आयझेनबड एका बैठकीत बोलले ते कामकाजात नोंदलेलं आहे. अशा दूषित जागी माणसं राहिली तर काय होतं याची माहिती मिळणं उपयोगाचं आहे, आणि ही माणसं आपल्यासारखी सुधारलेली नसली तरी उंदरांपेक्षा ती आपल्याला अधिक जवळची आहेत, असा त्या बोलण्याचा आशय. हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. अजून ते सहज वाचून पुढे जाता येत नाही.

राँगेलापच्या लिजन एकनिलांग ब्राव्होच्या वेळी लहान मुलगी होत्या. १९९५ मध्ये त्याच हेगच्या न्यायालयासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं की त्यांच्या बेटांवरच्या बाया जेलीफिशसारखी, हाडं नसलेली बाळं जन्माला घालतात. राँगेलापकरांनी आपल्याला इथून हलवा अशी विनवणी केली, पण सरकार हलेना. शेवटी १९८५ च्या मे महिन्यात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या 'रेनबो वॉरियर' जहाजानं त्यांना दुसऱ्या बेटावर पोचवलं. दोन महिन्यांनी, १० जुलैला, तेच जहाज ऑकलंडच्या बंदरात फ्रान्सच्या गुप्तहेरांनी स्फोट करून बुडवलं. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार त्यात गेला. जहाज फ्रान्सच्या मोरुरोआवरच्या चाचण्यांना विरोध करायला निघालं होतं. १९६६ ते १९९६ या काळात फ्रेंच पॉलिनेशियात १९३ स्फोट झाले. ब्रिटननं आपले हायड्रोजन बॉम्ब आज किरिबातीत असलेल्या बेटांवर तपासले. ज्या तीन देशांनी जगाला लोकशाहीचे धडे दिले, त्या तिघांनीही बॉम्ब तपासायला दुसऱ्यांचं अंगण निवडलं.

आता वहीकडे येऊ. १९८६ मध्ये मार्शल बेटं स्वतंत्र झाली, ती अमेरिकेशी 'मुक्त सहयोग करार' करूनच. त्यात अणुचाचण्यांपोटी १५ कोटी डॉलर ठरले आणि हा हिशेब पूर्ण व अंतिम असं लिहून घेतलं गेलं. अमेरिकी न्यायालयांतले दावे त्याबरोबर संपले. नुकसान मोजण्यासाठी एक न्यायाधिकरण नेमलं. त्यानं २ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. द्यायला पैसेच नव्हते. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं दाद ऐकायला नकार दिला. एनेवेटाकमधल्या रुनिट बेटावर एका स्फोटाच्या खड्ड्यात किरणोत्सारी माती आणि राडारोडा भरून वर सुमारे ४५ सेंटीमीटर जाडीचं काँक्रीटचं झाकण घातलेलं आहे. खड्ड्याच्या तळाला अस्तर नाही. भरती-ओहोटीबरोबर खालचं पाणी वरखाली होतं. आत प्लुटोनियम आहे, ज्याची निम्मी शक्ती संपायलाच चोवीस हजार वर्षं लागतात. स्थानिक लोक त्याला थडगं म्हणतात, आणि त्या थडग्याची जबाबदारी करारानुसार मार्शल सरकारची, असं अमेरिका सांगते.

या कराराच्या बदल्यात अमेरिकेला काय मिळालं? कुणाही तिसऱ्या देशाच्या सैन्याला तिथल्या अफाट समुद्रात मज्जाव करण्याचा हक्क आणि क्वाजालीनचा क्षेपणास्त्र तळ. कॅलिफोर्नियातून सोडलेली क्षेपणास्त्रं आजही क्वाजालीनच्या परिसरात येऊन पडतात. तळावर राबणारे मार्शली कामगार शेजारच्या एबाय बेटावर राहतात: ऐंशी एकरांत आठ-दहा हजार माणसं. सकाळी फेरीबोटीनं कामावर जायचं, संध्याकाळी परतायचं. स्वतःच्या देशातल्या त्या बेटावर मुक्काम करायचा नाही. २०२४ मध्ये अमेरिकेनं मार्शल बेटं, मायक्रोनेशिया आणि पलाऊ या तिघांना वीस वर्षांत मिळून ७.१ अब्ज डॉलर द्यायचं मान्य केलं. कागदावर ते आर्थिक सहाय्य आहे. हे भाडं आहे आणि त्यात जुन्या थकबाकीचा थोडासा हप्ता आहे. नाव बदललं तर मागणारा याचक राहत नाही, म्हणून नाव बदललं जात नाही.

असाच एक करार ३ मे १९०० चा. बनाबा हे सहा चौरस किलोमीटरचं बेट, आज किरिबातीचा भाग. तिथली जमीन म्हणजे जवळपास शुद्ध फॉस्फेट, हे अल्बर्ट एलिस नावाच्या माणसाला सिडनीतल्या कचेरीत दार अडवायला ठेवलेल्या एका दगडावरून उमगलं. त्यानं बेटावर जाऊन सही घेतली: ९९९ वर्षांसाठी खणण्याचा हक्क, वर्षाला ५० पौंड, तेही माल देऊन चालतील. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची कुरणं आणि गव्हाची शेतं या खतावर पोसली गेली. बेट खरवडण्याचं काम पुरं होण्याआधीच, १९४५ च्या डिसेंबरात, बनाबाच्या लोकांना दोन हजार किलोमीटरवर फिजीतल्या राबी बेटावर नेऊन उतरवलं. राबी विकत घेतलं होतं ते त्यांच्याच फॉस्फेटच्या स्वामित्वधनातून. आपल्या मातीच्या पैशांतून आपलंच निर्वासन विकत घेतलेला दुसरा समाज मला माहीत नाही.

ज्या फिजीत त्यांना उतरवलं, तिथे इंग्रजांनी १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी मजूर गिरमिट करून, म्हणजे मजुरीच्या करारानं बांधून, उसाच्या मळ्यांत आणले होते. जमीन मूळ फिजीयनांची, घाम हिंदी माणसाचा, नफा ऑस्ट्रेलियन साखर कंपनीचा. दोन समाज समोरासमोर उभे करून इंग्रज निघून गेला. त्यानंतरचे १९८७, २००० आणि २००६ चे उठाव त्या मांडणीतून आले. या गिरमिटाविरुद्ध कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात ४ मार्च १९१२ ला ठराव मांडणारा माणूस पुण्याचा होता. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा ठराव सरकारी बहुमतापुढे पडला. तरीही करार या शब्दाखाली गुलामी लपवता येते, हे त्यांनी तिथे नोंदवून ठेवलं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. मिळालेले पैसे या देशांच्या पुढाऱ्यांनी कसे वापरले? नाउरू या बेटराष्ट्रानं फॉस्फेटच्या पैशांतून मेलबर्नमध्ये बावन्न मजली इमारत बांधली, लंडनच्या एका फसलेल्या नाटकात पैसे ओतले आणि देश दिवाळखोरीत नेला. बिकिनीच्या पुनर्वसन निधीत २०१७ मध्ये ५ कोटी ९० लाख डॉलर होते. देखरेख उठली आणि सहा वर्षांत तो जवळपास रिकामा झाला. किलीवरच्या म्हाताऱ्यांवर हा दुहेरी अन्याय आहे आणि तो करणारे त्यांचेच लोक आहेत. याचा जाब मागितलाच पाहिजे, आणि तो मागायचा हक्क त्या बेटांवरच्या लोकांचा आहे. धनको उधळा आहे म्हणून ऋणकोचं देणं माफ होत नाही. सात-बारा आपल्या नावावर असताना भाऊबंदांनी पैसे उडवले, एवढ्यावरून कूळ मालक होत नाही.

मग चीन? २०१९ मध्ये एकाच आठवड्यात सॉलोमन बेटं आणि किरिबाती यांनी तैवानशी संबंध तोडून बीजिंगशी जोडले. २०२२ च्या एप्रिलमध्ये सॉलोमननं चीनशी सुरक्षा करार केला, तेव्हा वॉशिंग्टन आणि कॅनबेरा खडबडून जागे झाले. अमेरिकेनं सॉलोमनच्या राजधानीतला, होनिआरातला, आपला दूतावास १९९३ मध्ये बंद केला होता. तो २०२३ मध्ये पुन्हा उघडला. ज्या ग्वादालकनाल बेटासाठी १९४२ मध्ये हजारो माणसं मेली आणि जिथले न फुटलेले बॉम्ब आजही जीव घेतात, त्या बेटाची आठवण यायला चीन यावा लागला, हे सॉलोमनच्या माणसाला दिसतं. त्यानं त्याचा फायदा उठवला तर त्याला दोष देताना माझी जीभ अडखळते.

पण चीन या बेटांचा तारणहार आहे असं सांगणाऱ्यांशीही माझं पटत नाही. सॉलोमनच्या कराराचा अधिकृत मजकूर तिथल्या जनतेपुढे ठेवला गेला नाही. २५ सप्टेंबर २०२४ ला चीननं आंतरखंडीय क्षेपणास्त्राची चाचणी केली, ते दक्षिण पॅसिफिकमध्ये पडलं, आणि किरिबातीनं नाराजी बोलून दाखवली. अमेरिकी क्षेपणास्त्र क्वाजालीनला पडतं, चिनी क्षेपणास्त्र थोडं पुढे. दोघांच्याही नकाशात ते पाणी रिकामं आहे. हिरांच्या नकाशात त्याच पाण्यात लाटांची गर्दी असते.

या बेटांनी स्वतःहून काय केलं, ते या गदारोळात बुडून जातं. वसाहती चालवणाऱ्या देशांनी १९४७ मध्ये स्थापलेल्या आयोगात अणुचाचण्यांचा विषय काढायची मुभा नव्हती. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी स्वतःचा मंच उभारला. १९८५ मध्ये रारोटोंगा करारानं दक्षिण पॅसिफिक अण्वस्त्रमुक्त जाहीर केला, शीतयुद्ध ऐन भरात असताना. २०१८ मध्ये त्यांनी एकमुखानं सांगितलं की आमच्या सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका हवामानबदलाचा आहे. म्हणजे तुमच्या आपसातल्या वैराचा क्रम त्यानंतर. २०२२ च्या मेमध्ये चीननं दहा देशांपुढे एक तयार मसुदा ठेवला, तेव्हा त्यांनी तो एकत्रितपणे नाकारला. आणि २०१९ मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गात काढलेली एक कल्पना व्हानुआतूनं उचलून धरली. तिच्यामुळेच २३ जुलै २०२५ ला हेगच्या न्यायालयानं एकमतानं सांगितलं की हवामानाचं रक्षण हे राष्ट्रांवरचं कायदेशीर बंधन आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो. ज्या न्यायालयानं २०१६ मध्ये मार्शल बेटांना दार लावलं, तिथेच नऊ वर्षांनी व्हानुआतूनं ते उघडून घेतलं. अशा लोकांना छोटी राष्ट्रं म्हणायची सवय आपणही सोडायला हवी.

त्या सुनावणीत, २०२४ च्या डिसेंबरात, भारताच्या वतीनं मांडणी झाली की सध्याचे हवामान करार पुरेसे आहेत, न्यायालयानं त्यापलीकडे नवी बंधनं निर्माण करू नयेत. आपली अडचण मला समजते. धूर आधी ज्यांनी ओकला त्यांनी आधी पैसे मोजावेत हा आपला मुद्दा रास्तच आहे. अण्वस्त्रांबाबतही तसंच, दोन अण्वस्त्रधारी शेजारी असलेल्या देशानं आपली शस्त्रं एकतर्फी खाली ठेवावीत असं मी म्हणत नाही. पण अलीकडे हेगमध्ये दोनदा ही बेटं न्याय मागायला उभी राहिली आणि दोन्ही वेळा आपण समोरच्या बाकांवर होतो. ही गोष्ट मार्शल बेटांच्या राजधानीत माजुरोत आणि व्हानुआतूच्या पोर्ट व्हिलात लोकांच्या लक्षात राहते, आपल्या लक्षात न राहिली तरी.

२०२३ च्या मेमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी पापुआ न्यू गिनीचा दौरा ऐन वेळी रद्द केला आणि आपले पंतप्रधान पोर्ट मोर्सबीत चौदा बेटराष्ट्रांच्या नेत्यांसोबत बसले. तिथे आपल्याला मिळालेला मान खोटा नव्हता. तो मान दवाखान्यांच्या आणि सौरपंपांच्या घोषणांवर खर्ची घालायचा की एका प्रश्नावर उभं राहायला वापरायचा, हे आपल्याला ठरवता येतं. अणुचाचण्यांनी पोळलेल्या लोकांना सहाय्य आणि त्यांच्या जमिनींची सफाई यांसाठी किरिबाती आणि कझाकस्तान संयुक्त राष्ट्रांत ठराव आणतात. त्याच्या बाजूनं भारतानं कसलाही आडपडदा न ठेवता मत द्यावं. रुनिटच्या थडग्याची तपासणी स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून व्हावी ही मागणी आपण करावी. किरणोत्साराचं मोजमाप जाणणारी माणसं आपल्याकडे तुर्भ्याला भाभा केंद्रात आहेत, ती द्यावीत. यातल्या एकाही गोष्टीनं आपल्या संरक्षणाला धक्का लागत नाही.

मार्शल बेटांच्या वतीनं २०१४ चा दावा दाखल करणारे परराष्ट्रमंत्री टोनी डीब्रम ब्राव्होच्या सकाळी नऊ वर्षांचे होते. लिकिएप बेटाजवळ आजोबांबरोबर मासे पकडत असताना त्यांनी आकाश रक्तासारखं लाल होताना पाहिलं. २०१७ मध्ये ते गेले, निकालानंतर वर्षाच्या आत. २० एप्रिल १९५४ ला त्यांच्या वडीलधाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रांना अर्ज लिहिला होता. जमीन म्हणजे आमच्यासाठी पीक काढायची, घर बांधायची किंवा मेलेल्यांना पुरायची केवळ जागा नाही, ती आमचा प्राण आहे, जमीन घेतलीत तर आत्माही जातो, असं त्यात लिहिलं होतं. तो अर्ज लिहिला जाण्याच्या अठरा दिवस आधी, २ एप्रिलला, जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत उभं राहून सगळ्या अणुचाचण्या 'जैसे थे' थांबवण्याची मागणी केली होती. ते निवेदन लोकसभेच्या कामकाजात छापलेलं आहे, आणि भारतानं ते कधी मागे घेतलेलं नाही.